पहिल्याच बॉलला दांडी

२ मार्च २०११, बुधवार, महाशिवरात्र. ऑफिसला सुट्टी आणि घरात सगळ्यांना उपास, त्यामुळे दुपारपासून खिचडी, रताळ्याचे काप, दाण्याची आमटी असं ओळीने चालू होतं आणि कोपऱ्यात टीव्हीवर वर्ल्ड कपची इंग्लंड-आयर्लंड मॅच लागलेली. ती आम्ही बघत नव्हतो, ती नुसती लागलेली होती, फरक आहे. बेंगळुरूच्या त्या पाटा पिचवर इंग्लंडने ३२७ मारले तेव्हाच बाबांच्या लेखी विषय संपला होता. मग आयर्लंडची बॅटिंग सुरू झाली, अँडरसन धावत आला, समोर एक डावखुरा ओपनर, पहिलाच बॉल, बॅटची आतली कड लागली आणि बॉल सरळ स्टंपवर. "झालं, आटपलं," म्हणून बाबांनी चॅनेल बदललं ते बदललंच.

पुढचं सगळ्यांना माहितीये. ५ बाद १११ वरून गुलाबी केसांच्या केविन ओब्रायनने ६३ बॉलमध्ये ११३ केले, सेंच्युरी पन्नास बॉलमध्ये, वर्ल्ड कपमधली तोवरची सगळ्यात फास्ट, आणि आयर्लंडने तीन विकेट राखून मॅच मारली. शेजारच्या काकांनी खिडकीतून "अरे लाव लाव" असं ओरडून सांगितलं म्हणून शेवटच्या दहा-बारा ओव्हर तरी आम्हाला मिळाल्या. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या पेपरात तेच गुलाबी डोकं.

पण माझ्या डोक्यात राहिला तो पहिल्या बॉलवाला माणूस. काय होत असेल त्याचं? आपल्या देशाच्या क्रिकेटमधला सगळ्यात मोठा दिवस, आणि त्या दिवसात तुमचा वाटा बॅटने एक बॉल. पॅड काढून बसायचं आणि साडेतीन तास दुसऱ्यांनी काय केलं ते बघायचं. स्कोअरकार्ड उघडलं तर नावापुढे कॅप्टन लिहिलेलं. विल्यम पोर्टरफील्ड. मला वाटतं मी त्याचा फॅन झालो तो तिथेच, शून्यावर. आता हे वाचून कुणी हसेल, हसा, पण फॅन होण्यामागे कारणं कुठे धड असतात.

चारच दिवसांनी, रविवारी, त्याच मैदानात त्यांची आपल्याशी मॅच होती. झहीरने सुरुवातीलाच दोन काढले, ९ वर २, आता तासाभरात गुंडाळणार असं वाटलं. पण हा उभा राहिला. दिसायला अजिबात देखणी बॅटिंग नव्हती, डावखुऱ्यांची म्हणून जी एक लय आपण मानतो ती याच्याकडे जेमतेमच, पण खांदे पाडून, डोकं खाली घालून त्याने ७५ काढले, नायल ओब्रायनबरोबर शंभरच्या वर पार्टनरशिप केली आणि युवराज आला नसता तर काय झालं असतं कुणास ठाऊक. युवराजने पाच घेतल्या, २०७ ला ऑल आऊट. तरी १८ वर्षांच्या डॉकरेलने सचिन आणि धोनी दोघांनाही एलबीडब्ल्यू करून आमच्या हॉलमध्ये शांतता पसरवली होती. बाबा एवढंच म्हणाले, "हा कॅप्टन बरा आहे रे." बाबांकडून "बरा" म्हणजे आमच्याकडे पद्मश्री समजतात.

मग त्या महिन्यात मी याचं जुनं काय काय वाचत बसलो.

पोर्टरफील्डचा जन्म १९८४ चा, उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा. की लंडनडेरीचा? त्या शहराची दोन नावं आहेत आणि तुम्ही कुठलं घेता त्यावरून तिथल्या लोकांना तुमचं गोत्र कळतं. वाढला तो शेजारच्या टायरोन परगण्यातल्या डनमॅना या गावात. गाव छोटं, पण क्रिकेटचं वेड असं की त्या भागातल्या क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षं या गावाचा दरारा. सध्याचा आयर्लंडचा अँडी मॅकब्राइन, तोही याच गावचा, आणि त्याचे वडील आणि काका हे जुळे भाऊ, तेही दोघं आयर्लंडकडून खेळलेले. आणि त्याच टायरोनमध्ये सायन मिल्स. (वाचताना आपल्याला शीवच आठवतं, लोकल पकडावीशी वाटते.) लिननच्या गिरणीभोवती वसलेलं गाव. तिथे २ जुलै १९६९ ला, आदल्या दिवशी लॉर्ड्सवर टेस्ट संपवून आलेल्या वेस्ट इंडिजला आयर्लंडने २५ धावांत गुंडाळलं होतं. २५! त्यातही एकवेळ ९ बाद १२ होते, शेवटच्या जोडीने लाज राखली. टीममध्ये क्लाइव्ह लॉइड होता बरं का. म्हणजे आपल्याकडे जशी प्रत्येक तालुक्यात एक गोष्ट असते, अमुक मोठा खेळाडू आमच्या मैदानावर आला आणि आमच्या पोराने त्याची दांडी उडवली, तशी त्यांची ही, फक्त खरी.

बाकी आयर्लंडमध्ये मात्र क्रिकेट म्हणजे इंग्रजांचा खेळ, साहेबाचा खेळ. तिथल्या गेलिक, म्हणजे अस्सल आयरिश, खेळांच्या संघटनेचा नियमच होता की जो 'परदेशी' खेळ खेळेल, नुसता बघायला जरी गेला, तरी तो बाहेर. हा नियम निघाला १९७१ मध्ये. आपण साहेबाचा खेळ साहेबाकडून हिसकावून घेतला आणि वर त्यालाच शिकवायला लागलो; त्यांनी सरळ त्या खेळाकडे पाठ फिरवली. मी नोकरीसाठी २०१६ मध्ये डब्लिनला आलो तेव्हा ऑफिसात पहिल्या आठवड्यात उत्साहाने क्रिकेटचा विषय काढला तर बाजूचा म्हातारा आयरिश सहकारी चहा ढवळत म्हणाला की आमच्याकडे ते असतं, पण आम्ही त्याबद्दल बोलत नाही. विनोद होता, पण अर्धाच.

त्यात टीम सगळ्या बेटाची मिळून एक. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, दक्षिण स्वतंत्र देश, पण क्रिकेटची टीम एकच. पोर्टरफील्ड उत्तरेचा, ओब्रायन बंधू डब्लिनचे. मॅचआधी ना ब्रिटनचं राष्ट्रगीत ना आयर्लंडचं, दोघांना चालेल असं तिसरंच गाणं. अशा टीमचं कॅप्टन होणं म्हणजे दोन भावकीतलं लग्न पार पाडणं आहे, कुणाच्या ताटात काय वाढलं यावर सगळ्यांचा डोळा. आणि अकरा वर्षांत या माणसामुळे त्या बाबतीत काही वाजलं असं मी तरी कधी वाचलं नाही.

आता खरी गोष्ट. ५ ऑगस्ट २००६, स्कॉटलंडमधलं एअर. आयर्लंडची वन डे, आणि त्या मॅचमध्ये दोन डावखुऱ्या पोरांनी वन डे पदार्पण केलं. एक पोर्टरफील्ड. दुसऱ्याने ९९ केले आणि रनआऊट झाला, तो इऑन मॉर्गन. मॉर्गन डब्लिनच्या उत्तरेच्या रश गावचा, आणि पोर्टरफील्ड पुढे डब्लिनमध्ये क्लब क्रिकेट खेळला तेही रशकडूनच. दोन वर्षांचं अंतर वयात, एकच ड्रेसिंग रूम, एकच दिवस. पुढच्या वर्षी दोघं कॅरिबियनमध्ये वर्ल्ड कपला होते, सेंट पॅट्रिकच्या दिवशी पाकिस्तानला हरवलं त्या टीममध्ये (पोर्टरफील्ड १३), आणि बांगलादेशला हरवलं तेव्हा मात्र याने ८५ करून मॅन ऑफ द मॅच घेतलं.

२००८ मध्ये ट्रेंट जॉन्स्टनकडून कॅप्टनशिप याच्याकडे आली. २००९ मध्ये मॉर्गन इंग्लंडकडे गेला. एड जॉईस तर त्याच्या आधीच गेला होता आणि २०११ पर्यंत परतही आला. पुढे बॉइड रँकिन गेला, सिडनीत एक टेस्ट खेळला आणि तोही परत आला. कारण साधं होतं, आयर्लंडला टेस्टच नव्हती. टेस्ट खेळायची तर इंग्लंडच्या दारातून जावं लागायचं. मॉर्गनला मी नावं ठेवणार नाही, कुणी ठेवू नयेत, सातासमुद्रापलीकडे नोकरीला आलेल्या माझ्यासारख्याने तर मुळीच नाही.

आणि पोर्टरफील्ड राहिला म्हणून त्याला संतपदी बसवायचंही मला काही कारण दिसत नाही. खरं सांगायचं तर इंग्लंडने त्याला बोलावलं असतं का? काउंटीत, म्हणजे इंग्लंडच्या घरगुती क्रिकेटमध्ये, तो आधी ग्लॉस्टरशायर आणि मग वॉरविकशायरकडून खेळला, ठीकठाक खेळला, पण इंग्लंडच्या सिलेक्टरची झोप उडावी असं काही नाही. एकदिवसीय सरासरी तिशीची. काही माणसं घर सोडत नाहीत कारण घरावर प्रेम असतं आणि काही सोडत नाहीत कारण बाहेरून बोलावणं येत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही थोडं थोडं खरं असतं. पण राहिल्यावर काय केलं हा वेगळा प्रश्न आहे. राहून त्याने दर वेळी दारावर थाप मारायचं काम केलं.

कारण दार बंदच होतं. म्हणजे बघा, २ एप्रिल २०११ ला आपण वानखेडेवर वर्ल्ड कप जिंकला, अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर, मी एफसी रोडवर पहाटे दोनपर्यंत. आणि ४ एप्रिलला त्याच मुंबईत आयसीसीची मीटिंग झाली आणि ठरलं की पुढच्या वर्ल्ड कपला फक्त दहा टीम, दहाही फुल मेंबर, म्हणजे टेस्ट खेळणारे देश. आयर्लंड बाद. न खेळता. महिन्यापूर्वी इंग्लंडला हरवलेल्या टीमला सांगितलं की तुमचं पान मांडलेलं नाही. आमच्या गुलालात आम्हाला हे कळलंही नाही, मला तर काही महिन्यांनी कळलं. जूनमध्ये ओरड झाल्यावर २०१५ पुरता निर्णय फिरवला, पण दहाचा आकडा २०१९ ला परत आलाच. जगातला हा एकच खेळ असावा ज्याने तेव्हा आपला वर्ल्ड कप लहान करत नेला आणि वर म्हटलं की खेळ जगभर पोचवतोय.

३ सप्टेंबर २०१३. डब्लिनच्या उत्तरेला मॅलाहाइडच्या किल्ल्याच्या बागेत नव्याने तयार केलेलं मैदान, पहिलीच इंटरनॅशनल मॅच, इंग्लंडविरुद्ध, दहा हजार लोक. पोर्टरफील्ड ११२. घरच्या मैदानात, घरच्या लोकांसमोर, कॅप्टनची सेंच्युरी, २६९ चा स्कोअर आणि मग इंग्लंड ४ बाद ४८. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण इंग्लंडचा कॅप्टन होता इऑन मॉर्गन. त्याने रवी बोपाराबरोबर नाबाद १२४ मारून मॅच काढली. आणि आधी आयर्लंडच्या चार विकेट घेतल्या होत्या कुणी तर बॉइड रँकिनने! मॉर्गनच्या रशपासून मॅलाहाइड अगदीच जवळ आहे, गाडीने वीसेक मिनिटं. म्हणजे आयरिश कॅप्टनच्या सेंच्युरीवर दोन आयरिश माणसांनी पाणी ओतलं, आयर्लंडमध्ये, इंग्लंडच्या शर्टात. ही मॅच मी खूप नंतर यूट्यूबवर हायलाइट्समध्ये पाहिली आणि मॉर्गनची सेंच्युरी झाल्यावर लोक टाळ्या वाजवतात, आता त्या टाळ्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

याच्या मोठ्या खेळी अशाच. २००७ मध्ये नैरोबीला लागोपाठ दोन सेंच्युऱ्या मारल्या, बर्म्युडाविरुद्ध आणि केनियाविरुद्ध, त्यातली केनियावाली नाबाद १०४, आणि केनियाने एक विकेट राखून मॅच नेली. भारताविरुद्धचे ७५, हार. मॅलाहाइडचे ११२, हार. २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये नेल्सनला वेस्ट इंडिजचे ३०४ पार केले तेव्हा याचे २३. त्यानंतर हा अपसेट वगैरे काही नाही, आम्ही जिंकायलाच आलो होतो अशा सुरात तो बोलला आणि मला फार बरं वाटलं. आणि शेवटच्या मॅचला ॲडलेडमध्ये, जिंकलं तर क्वार्टर फायनल, पाकिस्तानविरुद्ध त्याने १०७ मारले. बाकीच्यांनी साथ दिली नाही, २३७, पाकिस्तानने सात विकेट राखून केले. त्याच दिवशी वेस्ट इंडिजने यूएईला हरवलं आणि दोघांचे सहा-सहा पॉइंट होऊन आयर्लंड नेट रनरेटवर घरी. तुम्ही ज्यांना हरवलंय तेच तुमच्या जागी पुढे जातात.

अर्थात सगळं नशिबावर ढकलायला नको. २०१४ मध्ये सिल्हेटला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडने १८९ केले, नेदरलँड्सला पुढे जायला ते १४.२ ओव्हरमध्ये करायचे होते, कुणीही म्हणेल अशक्य, आणि त्यांनी १३.५ ओव्हरमध्ये केले. मायबर्गने २३ बॉलमध्ये ६३. त्या दिवशी कॅप्टन म्हणून याला काही सुचत नव्हतं हे कॅमेऱ्यात दिसत होतं, दर ओव्हरला वेगळा बॉलर आणि चेहरा असा की भर मुहूर्तावर भटजी बेपत्ता. २०१६ ला धरमशालाला ओमानकडून हरले. टी-ट्वेंटी त्याचा खेळ नव्हताच, माझं स्पष्ट मत आहे, आणि तिथे कॅप्टनशिप त्याने आधीच सोडायला हवी होती.

२२ जून २०१७ ला टेस्ट दर्जा मिळाला. पण त्याचीही एक किंमत होती, आता आयरिश खेळाडू काउंटीत 'स्थानिक' राहिले नाहीत, घरची टीम की काउंटी हे ठरवणं आलं. पोर्टरफील्डचं वॉरविकशायर त्याच वर्षी सुटलं. आणि मार्च २०१८ मध्ये हरारेत अफगाणिस्तानकडून हरून २०१९ चा दहा टीमचा वर्ल्ड कपही गेला. टेस्ट मिळाली आणि वर्ल्ड कप गेला, एका हाताने दिलं नि दुसऱ्याने काढून घेतलं.

११ मे २०१८, शुक्रवार, मॅलाहाइड, आयर्लंडची पहिली टेस्ट. मी रजा टाकली, बायकोने धपाटे बांधून दिले, डार्ट (इथली लोकल) पकडून शेवटच्या स्टेशनला उतरलो आणि पाऊस. आयरिश पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो नुसता असतो. एकही बॉल पडला नाही. तंबूत उभं राहून धपाटे संपवले आणि परत आलो. अकरा वर्षं ज्यांनी वाट बघितली त्यांना म्हणे अजून एक दिवस थांबा.

रविवारी पुन्हा गेलो. शनिवारी पोर्टरफील्डने टॉस जिंकून पाकिस्तानला बॅटिंग दिली होती, त्यांनी ३१० वर डिक्लेअर केलं आणि मग हा नि एड जॉईस ओपनिंगला आले. एक तेहेतीस वर्षांचा, एक एकोणचाळीसचा, आणि दोघांची आयर्लंडकडून पहिली टेस्ट. माझ्या शेजारी एक आजोबा होते, उत्तरेच्या हेलात बोलत होते, अर्धं मला कळत नव्हतं, पण पोर्टरफील्ड चालत येताना ते उभे राहिले आणि टोपी काढली एवढं कळलं. पाच-सहा ओव्हरमध्ये ४ बाद ७. पोर्टरफील्ड १, बोल्ड. आजोबांनी टोपी घातली. १३० ला ऑल आऊट, फॉलोऑन, आणि त्याच संध्याकाळी हे दोघे परत ओपनिंगला. आणि आता मात्र टिकले. सूर्य त्या किल्ल्यामागे तिरका झालेला, थंडी वाजतेय, आमिर आणि अब्बास बॉल हलवतायत आणि पोर्टरफील्ड खांदे पाडून सोडतोय, सोडतोय, सोडतोय. एकेक सोडलेल्या बॉलला लोक टाळ्या वाजवत होते. बिनबाद ६४ वर दिवस संपला. क्रिकेटमध्ये मी यापेक्षा थरारक बरंच बघितलंय, वानखेडेवर बघितलंय, पण त्या संध्याकाळइतकं मन लावून नाही बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो ३२ वर गेला आणि केविन ओब्रायनने ११८ करून आयर्लंडची पहिली टेस्ट सेंच्युरी मारली. परत पेपरात तोच! मॅच पाकिस्तानने पाच विकेटने जिंकली, पण १६० करताना ३ बाद १४ झाले होते.

आता लॉर्ड्स. १४ जुलै २०१९ ला इऑन मॉर्गनने तिथे वर्ल्ड कप उचलला. तो सुपर ओव्हरवाला दिवस. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, त्याच मैदानावर, पोर्टरफील्ड आयर्लंडची टेस्ट टीम घेऊन उतरला. एअरला एका दिवशी सुरुवात केलेली दोन पोरं, दहा दिवसांच्या अंतराने, लॉर्ड्सचा तोच जिना उतरून. मॉर्गन त्या टेस्टमध्ये नव्हता. आणि टिम मुर्ताने १३ धावांत पाच घेतल्या, इंग्लंड लंचच्या आधी ८५ ला ऑल आऊट. मी ऑफिसात दर दोन मिनिटांनी स्कोअर रिफ्रेश करत होतो आणि तो म्हातारा सहकारी, "आम्ही त्याबद्दल बोलत नाही"वाला, तो स्वतः उठून माझ्या डेस्कपाशी आला आणि विचारलं, किती झाले? मी म्हटलं ८५, ऑल आऊट. तो काही न बोलता गेला आणि पाच मिनिटांनी दोघांसाठी चहा घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी १८२ करायचे होते, ढग आले, वोक्स आणि ब्रॉड, ३८ ला ऑल आऊट. पोर्टरफील्ड २. त्या दिवशी चहा आला नाही.

नोव्हेंबरमध्ये त्याने कॅप्टनशिप सोडली. अडीचशेहून जास्त मॅचेसमध्ये आयर्लंडचं नेतृत्व करून झालं होतं. आली ती अँड्र्यू बालबर्नीकडे. जून २०२२ मध्ये खेळणंच थांबवलं. १४८ वन डे, ४३४३ रन, अकरा सेंच्युऱ्या. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना आधी आठवेना, मग म्हणाले, "तो पहिल्या बॉलवाला?" म्हटलं हो तोच. "बरा होता," म्हणाले.

आयर्लंडने पहिली टेस्ट जिंकली ती १ मार्च २०२४ ला, अबुधाबीत, अफगाणिस्तानविरुद्ध. छोटं टार्गेट होतं, १३ वर ३ झाले होते, आणि कॅप्टन बालबर्नी नाबाद ५८ करून टिकला. मी घरी लॅपटॉपवर बघत होतो. मॅच संपल्यावर सवयीने पोर्टरफील्डचं टेस्ट रेकॉर्ड उघडलं. तीन टेस्ट, सहा इनिंग, १ आणि ३२, डेहराडूनला ९ आणि ०, लॉर्ड्सला १४ आणि २. कॅल्क्युलेटरची गरज नव्हती तरी केली बेरीज, दोनदा केली. ५८.